एका रोगाचे विष, दुसऱ्या रोगाचे औषध: शेलूबाजारच्या रस्त्याची दोन टोके

१/ वाशीम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातील शेलूबाजार हे नावाप्रमाणेच बाजाराचे गाव. मुंबई आणि नागपूर यांना जोडणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग या गावाजवळून जातो. या महामार्गाच्या दोन्ही टोकांना रक्ताच्या एकेका आजाराचा इतिहास आहे. दोन्ही आजारांचा कर्करोगाशी थेट संबंध नाही. तरीही कर्करोगाच्या औषधांनी त्यांना एकत्र गुंफले. ही कथा त्या गुंफणीची. (थ्रेड)

२/ प्रारंभ मुंबईत होतो. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर या शहरात आली. गिरणगावातील गरीब गर्भवती स्त्रियांना एका तीव्र पंडुरोगाने ग्रासले होते. त्यात तांबड्या पेशींची संख्या घटे आणि उरलेल्या पेशी मात्र आकाराने अवाजवी मोठ्या दिसत. अनेक स्त्रिया बाळंतपणाच्या आगेमागे दगावत. परळच्या हाफकिन संस्थेत विल्स यांचे काम सुरू झाले.

३/ त्या काळी हिंदुस्थानातील कोणत्याही आजाराचे खापर जंतूंवर किंवा अस्वच्छतेवर फोडण्याची रीत होती. विल्स यांनी वेगळा प्रश्न विचारला: या स्त्रिया जेवतात काय? उत्तरात भाजीपाला, फळे, दूध यांची मोठी तूट आढळली. म्हणजे रोगाचे मूळ जंतूत नव्हते. ते ताटात होते, आणि ताट रिकामे असण्याचे मूळ मजुरीत होते.

४/ १९३१ साली विल्स यांनी आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. यीस्टचा अर्क, म्हणजे ‘मार्माइट’ नावाने विकला जाणारा स्वस्त पदार्थ, दिल्यावर या स्त्रियांचे रक्त सुधारते. पंडुरोगाच्या दुसऱ्या एका प्रकारावर लागू पडणारा यकृताचा शुद्ध अर्क मात्र येथे निष्प्रभ ठरत होता. अर्थात यीस्टमधील हा घटक निराळाच असला पाहिजे. त्या अज्ञात घटकाला पुढे ‘विल्स फॅक्टर’ म्हटले गेले.

५/ त्याच १९३१ सालच्या जूनमध्ये मेहरबाई टाटा यांचे रक्ताच्या कर्करोगाने परदेशात निधन झाले. हाताशी हवी तितकी संपत्ती होती, पण जगात कोठेही या रोगावर औषध नव्हते. १९३२ साली त्यांच्या स्मरणार्थ ल्युकेमियाच्या संशोधनासाठी ‘लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट’ स्थापन झाला. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळमध्येच टाटा मेमोरियल रुग्णालयाचे उद्घाटन झाले.

६/ गिरणगावातील स्त्री आणि टाटांच्या घरातील स्त्री. दोघींच्या आजारांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे १९३१ मध्ये कोणाच्याही मनात येणे शक्य नव्हते.

७/ १९४१ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी पालकाच्या पानांतून एक आम्ल वेगळे केले. पान या अर्थाच्या ‘फोलियम’ या लॅटिन शब्दावरून त्याला ‘फॉलिक आम्ल’ हे नाव मिळाले. विल्स यांचा अज्ञात घटक तो हाच. १९४५ मध्ये अमेरिकेतील लेडरले प्रयोगशाळेत त्याची कृत्रिम निर्मिती झाली. त्या चमूचे नेतृत्व भीमावरम येथे जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते.

८/ आता कथा एका दुःखद वळणावर येते. बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना फॉलिक आम्लाचे प्रकार देऊन पाहिले. पंडुरोगाचे रक्त ज्याने सुधारते, त्याने हेही सुधारेल, ही आशा. घडले उलटेच, रोग अधिक वेगाने वाढल्याचे त्यांना आढळले. नवे रक्त घडवणाऱ्या पेशीला जे खाद्य लागते, तेच खाद्य अनावर वाढणाऱ्या कर्कपेशीलाही लागते.

९/ त्या अपयशातूनच फार्बर यांनी पुढचा प्रश्न काढला: खाद्य दिल्याने रोग भडकत असेल, तर खाद्य तोडल्यास काय होईल? सुब्बाराव यांच्या चमूने फॉलिक आम्लासारखीच दिसणारी, परंतु त्याचे काम न करणारी रसायने तयार केली होती. पानिपतानंतर प्रकटलेल्या भाऊसाहेबांच्या तोतयाची गोष्ट इतिहासप्रेमींना ठाऊक आहेच. हे रसायनही तसाच तोतया. पेशी त्याला खरे समजून जागा देते आणि तिची वाढ खुंटते.

१०/ जून १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांवरील उपचारांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ‘अमिनोप्टेरिन’ या तोतयाने १० मुलांत रोग तात्पुरता मागे हटला होता. तात्पुरताच, रोग परतत असे. तथापि ल्युकेमिया औषधाने माघार घेऊ शकतो, हे प्रथमच सिद्ध झाले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सुब्बाराव यांचे निधन झाले. अमिनोप्टेरिनचे भावंड असलेले ‘मेथोट्रेक्सेट’ आजही कर्करोगावर वापरले जाते.

११/ मात्र तोतयाचा प्रवास कर्करोगापाशी थांबला नाही. १९५१ साली न्यूयॉर्कमधील डॉक्टर गुबनर यांना अमिनोप्टेरिनने सांध्यांची सूज आणि सोरायसिसचे चट्टे कमी होत असल्याचे दिसले. ऱ्हुमॅटॉइड संधिवातासाठी मेथोट्रेक्सेटला अमेरिकेत अधिकृत मान्यता मिळाली ती १९८८ साली. येथे मात्रा अत्यल्प आणि सहसा आठवड्यातून एकदाच. तीच गोळी चुकून रोज घेतली गेल्यास तोंड सोलवटते, रक्तपेशी घटतात, प्राणही जाऊ शकतो. औषध आणि विष यांच्यात येथे केवळ वाराचे अंतर आहे.

१२/ आता महामार्गाचे दुसरे टोक. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतात सिकलसेलचा गुणधर्म आढळल्याचे ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात नोंदवले. या आजारात तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि असह्य वेदना उठतात. विदर्भातील आदिवासी आणि दलित समाजांत तो विशेष आढळतो. मात्र कोणत्याही जातीचे लेबल त्याला नाही. हिवतापाच्या प्रदेशात वाहक व्यक्तींना त्या तापापासून काही संरक्षण मिळे, म्हणून हा गुणधर्म पिढ्यान् पिढ्या टिकला.

१३/ त्यावरचे औषधही कर्करोगाच्याच दालनातून आले. ‘हायड्रॉक्सियुरिया’ हे रसायन १८६९ साली जर्मनीत तयार झाले आणि जवळजवळ शतकभर उपेक्षित राहिले. १९६० च्या दशकात रक्ताच्या कर्करोगावर त्याचा वापर सुरू झाला. पुढे लक्षात आले की या औषधाने गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा वाढते. आणि ते वाढले की पेशी विळ्यासारखी वाकण्याचे प्रमाण घटते.

१४/ १९९५ साली २९९ रुग्णांवरील अमेरिकी चाचणीचा निष्कर्ष आला: वेदनांचे झटके जवळपास निम्म्यावर आले होते. १९९८ मध्ये तेथे सिकलसेलसाठी या औषधाला मान्यता मिळाली. अकोल्यापासून वेगळा होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला, तेही याच वर्षी. भारतात १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. हायड्रॉक्सियुरिया हा आज या आजाराच्या उपचारांचा मुख्य आधार आहे.

१५/ या औषधानेही रक्तपेशी घटू शकतात, म्हणून वेळोवेळी रक्त तपासावे लागते. त्याहून कठीण अडथळा भीतीचा. ‘ही तर कॅन्सरची गोळी’ एवढे कानावर पडले तरी घर हादरते. इतिहास ठाऊक असल्यास ही भीती ओसरू शकते. औषधाला रोगाची जात नसते. पेशीची वाढ रोखणे हा त्याचा गुण. तो कोठे, किती आणि कोणाच्या देखरेखीखाली वापरायचा, हे महत्त्वाचे.

१६/ आणि सरतेशेवटी दोन्ही टोके एकत्र येतात. सिकलसेलच्या रुग्णाच्या रक्तपेशी लवकर मोडतात, नव्या सतत घडवाव्या लागतात; म्हणून हायड्रॉक्सियुरियासोबत त्याला बहुधा फॉलिक आम्लही दिले जाते. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यालाही फॉलिक आम्ल देतात, म्हणजे तोतयाच्या जोडीला अस्सल.

१७/ शेलूबाजार परिसरातील गर्भवती स्त्रीच्या हाती सरकारी आरोग्य केंद्रात लोहाची जी लाल गोळी पडते, तिच्यातही फॉलिक आम्ल असते. त्या गोळीमागे गिरणगावातील त्या स्त्रिया आहेत, ज्यांनी आपले रक्त तपासू दिले आणि ज्यांची नावे कोणत्याही शोधनिबंधाच्या शीर्षस्थानी आली नाहीत. कर्करोगाच्या औषधोपचारांचा इतिहास बोस्टनपासून सांगण्याचा प्रघात आहे. तो परळच्या चाळींपासून सांगितला पाहिजे.

(समाप्त)