एक ‘पर्यंत’, दोन इंग्रजी शब्द

‘शुक्रवारपर्यंत अर्ज द्या’ आणि ‘शुक्रवारपर्यंत थांबा’ या दोन्ही वाक्यांत मराठीला एकच ‘पर्यंत’ पुरते. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय फ्रायडे’ लागते, दुसऱ्याला ‘अनटिल फ्रायडे’. अर्ज एकदाच द्यायचा असतो; तो मंगळवारी दिला तरी चालतो, शुक्रवार ही शेवटची मुदत. थांबणे मात्र शुक्रवार उजाडेतो अखंड चालू राहते. म्हणून अर्जाच्या वाक्यात ‘अनटिल’ घातले, तर रोज अर्ज देत राहा असा चमत्कारिक अर्थ निघतो. नकारात शिकणारे हमखास अडखळतात: ‘ही वोन्ट कम अनटिल मंडे’. इथे चालू राहते ते न येणे, म्हणून ‘अनटिल’च बरोबर.

जुन्या इंग्रजीत ‘बाय’ म्हणजे जवळ, शेजारी. ‘अनटिल’ची घडण अधिक सुरेख आहे. त्यातले ‘अन’ नकारार्थी नाही. ते आणि ‘टिल’ या दोन्हींचा मूळ अर्थ ‘पर्यंत’च. ‘टिल’ हा ‘अनटिल’चा संक्षेप नव्हे, तो त्याहून जुना शब्द आहे. मराठी ‘पर्यंत’ संस्कृत ‘परि’ आणि ‘अन्त’ यांतून आले. त्याचा मूळ अर्थ कड, सीमा. ते फक्त सीमा दाखवते. तिथवरचा काळ कसा गेला, हे क्रियापद सांगते.