परसातील कोंबड्या : एका अलिखित स्त्रीधनाचा इतिहास

आपल्या स्मरणिकेत समाजातील कर्त्या पुरुषांची चरित्रे दरवर्षी प्रसिद्ध होत असतात, आणि ते उचितच आहे. परंतु ज्या मिळकतीतून आपल्यापैकी कित्येकांच्या पाट्या-पुस्तके आली, तिचा उल्लेख या पानांत कोठेही आढळत नाही. ती मिळकत म्हणजे परसातील पाच-सात कोंबड्या. विषय क्षुल्लक वाटून काही वाचक हसतील. त्यांनी अवश्य हसावे. मात्र तत्पूर्वी घरातील वडील स्त्रियांस एकवार विचारून घ्यावे.

नांदेड जिल्हा व लातूरचा परिसर (लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे) हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता व बाजारात हाली शिक्का चालत असे. माझी आजी सांगे की, दौऱ्यावरचा अंमलदार गावात उतरला म्हणजे शिधा, वैरण, सरपण यांबरोबर घरोघरची कोंबडीही मागितली जाई. मोबदल्याचे नाव नसे. वेठीचाच तो एक प्रकार होता. घोड्याच्या टापा कानी पडताच आजी कोंबड्या डालग्याखाली डालून वर गोधडी टाकी. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, असे म्हणतात. आमचा कोंबडा तर झाकल्यावरही गप्प बसत नसे. एकदा तो आतूनच आरवला आणि त्याच रात्री चावडीवर शिजला. ही गोष्ट आजी हसत सांगे, पण शेवटी तिचा आवाज कातर होई.

हे पालन आईने आजीकडून उचलले. पहाटे डालगे उचलायचे, ज्वारीची कणी व भाकरीचा चुरा अंगणात टाकायचा, एवढाच काय तो खुराक. पुढे दिवसभर उकिरडा, गोठा व खळे यांवर त्या आपले पोट आपणच भरीत. दिवेलागणीस त्या परतल्या की आई बोटांवर त्यांची मोजदाद करी. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडीच देते. दहा-बारा अंडी झाली की ती खुडूक होते. मग टोपलीत भुसा घालून, दिव्याच्या उजेडापुढे अंडी पारखून, आई तिला त्यांवर बसवी. एकविसाव्या दिवशी टोपलीतून चिवचिव ऐकू येई आणि आम्ही भावंडे अभ्यास टाकून धावत असू. त्या पिलांतली निम्मी घार, बोका व मुंगूस यांच्या वाट्यास जात. सर्वांत मोठे भय मानमोडीचे असे. हाच राणीखेत रोग. तो आला की दोन रात्रींत परस ओस पडे. अशा वेळी शेजारीण आपली एखादी तलंग अर्धलीने देई. पिले झाली की निम्मी तिची. या व्यवहाराचा कागद होत नसे, आणि कोणी बुडवल्याचे मी ऐकले नाही.

अंड्यांचा पैसा उतरंडीतल्या एका मडक्यात पडे. चहा-साखर, बांगड्या, माहेरी जाण्याचे भाडे, आमच्या वह्या, सारे त्यातूनच निघे. वडिलांनी त्या मडक्यास कधी हात लावला नाही, आणि कधी विचारलेही नाही.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. खळी रिकामी, उकिरडे कोरडे; कोंबड्यांनी खावे काय? आई खडी फोडावयास जाई, घरात मिलोची लाल भाकरी असे. एकेक करून तिने सर्व कोंबड्या विकल्या. केवळ एक खुडूक ठेवली व आपल्या भाकरीतला तुकडा तिला घातला. याबद्दल घरात तिला बोलणी खावी लागली. त्या एकीपासून पुन्हा परस भरले आणि १९७४ साली माझ्या मॅट्रिकच्या परीक्षेची फी दोन कोंबडे विकून भरली गेली. वडिलांच्या पश्चात मी त्यांची हिशेबाची वही चाळली. फी खर्ची पडलेली आहे; जमेच्या बाजूस कोंबड्यांचा उल्लेख नाही.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती विसर्जनाच्या रात्री पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. माझी नेमणूक तेव्हा औसा तालुक्यात होती. दगडमातीच्या भिंती व वरचे जड माळवद यांखाली हजारो माणसे गेली. त्यांपुढे कोंबड्यांची गणती कोण करणार? पुढे बावन्न गावे नव्या जागी वसली. रस्ते रुंद, घरे पक्की, आखणी सरळ. परंतु पहिली काही वर्षे तेथे झाड नव्हते, कोनाडा नव्हता, आडोसा नव्हता. घार सरळ अंगणात उतरे. एका माउलीने मला विचारले, "गुरुजी, घर दिलं, पण पिलं कुठं लपावीत?" मजपाशी उत्तर नव्हते.

जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे बचतगटाच्या सुमारे ८०० कोंबड्या दगावल्या व बर्ड फ्लूचे निदान झाले. पाठोपाठ अहमदपूर तालुक्यातील केंद्रेवाडीचे नाव आले. बाधित जागेभोवती एक किलोमीटरच्या आतील सर्व पक्षी नष्ट करण्यात आले. त्यातून परसातलेही सुटले नाहीत. रोग आवरण्यास ते अवश्यच होते, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबडीची भरपाई ९० रुपये ठरली होती. बाजारात गावरान कोंबडी त्याच्या कितीतरी पट दराने जाते, आणि रवणीस बसलेली कोंबडी तर कोणी विकतच नाही.

सांप्रत आपल्या सुशिक्षित घरांत कोंबड्या पाळणे कमीपणाचे मानू लागले आहेत. माझ्या सूनबाईंनी मात्र गतवर्षी गिरिराजा जातीची सहा पिले आणली आणि लासोटा लसही वेळेवर दिली. ती जात अंगाने मोठी, अंडीही अधिक देते, पण उबवण्यास सहसा बसत नाही. तेव्हा सूनबाईंनी शेजारून एक गावरान खुडूक अर्धलीने मागून आणली आहे. आज तिचा सतरावा दिवस. टोपलीवर आईच्या वेळचेच डालगे आहे.