हस्तमुद्रित पुस्तक : कागद आणि बांधणी

लाकडी किंवा लिनोलियमच्या ठशांनी अथवा खिळ्यांच्या जुळणीने हाताने छापलेल्या आणि हातानेच शिवलेल्या पुस्तकास हस्तमुद्रित पुस्तक म्हणतात. अशा पुस्तकाच्या मोजक्याच प्रती निघतात. त्या किती वर्षे टिकतील, हे मुख्यतः कागद व बांधणी यांवर ठरते.

कागद

आतील पानांसाठी साधारणतः ८० ते १२० जीएसएम (प्रति चौरस मीटर ग्रॅम) आणि मुखपृष्ठासाठी २०० ते ३०० जीएसएम वजनाचा कागद योग्य ठरतो. नवशिके वजनाची चौकशी करतात, परंतु तंतूंची दिशा पाहत नाहीत. यंत्रावर कागद तयार होताना त्यातील बहुतेक तंतू यंत्राच्या गतीच्या दिशेने स्थिरावतात. या दिशेला समांतर घातलेली घडी स्वच्छ बसते. आडवी घडी, विशेषतः जाड कागदाची, तडकते आणि पुस्तक ताठ राहते. ओलावा लागताच तंतू लांबीपेक्षा जाडीत अधिक फुगतात, म्हणून चुकीच्या दिशेचा कागद चिकटवल्यावर पाठीजवळ सुरकुततो. तंतूंची दिशा नेहमी पुस्तकाच्या पाठीला समांतर असावी. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहिल्यास ज्या बाजूने तो सहज वाकतो, त्या घडीची रेषा हीच तंतूंची दिशा होय.

बाजारातील ए-४ कागदात तंतू सहसा लांब बाजूने असतात. तो मधोमध दुमडून ए-५ पुस्तिका केल्यास घडी नेमकी आडवी पडते. शाळांच्या हस्तलिखित अंकांत ही चूक सहज घडते. लांब बाजूने तंतू असलेला ए-३ कागद आधी मधून कापून मग दुमडल्यास दोष टळतो.

हातकागदात तंतू बरेचसे सर्व दिशांना विखुरलेले असल्याने ही अडचण फारशी येत नाही. दौलताबादजवळील कागजीपुरा व जुन्नर ही हातकागदाची जुनी केंद्रे होत. पुण्यातील हातकागद संस्था १९४० मध्ये महात्मा गांधींच्या प्रेरणेने सुरू झाली. सुती चिंध्यांचा कागद टिकाऊ असतो. मात्र खरखरीत पृष्ठावर बारीक रेषा तुटक उमटतात. त्यासाठी घोटलेला कागद घ्यावा किंवा छपाईपूर्वी कागद किंचित दमट करावा. वर्तमानपत्री कागद लिग्निनमुळे लवकर पिवळा व ठिसूळ होतो. तो केवळ कच्च्या छाप्यांपुरता वापरावा.

बांधणी

सर्वांत सोपी बांधणी तीन छिद्रांची. दुमडलेली पाने एकात एक घालून घडीवर टोच्याने छिद्रे पाडतात. दोरा पाठीच्या उंचीच्या सुमारे अडीचपट घ्यावा. आतून मधल्या छिद्रातून बाहेर, वरच्यातून आत, मधले छिद्र वगळून खालच्यातून बाहेर आणि पुन्हा मधल्यातून आत असा तो ओवून, आतील लांब टाक्याच्या दोन्ही बाजूंना आलेल्या टोकांची गाठ मारतात. पाने अधिक झाली की आतली पाने बाहेर डोकावतात. अशा वेळी लहान लहान जुजे करून ती एकमेकांना शिवावी लागतात. यास जुजबंदी म्हणतात.

सुटी पाने असल्यास कडेपासून सुमारे एक सेंटिमीटर आत छिद्रे पाडून जपानी पद्धतीची शिलाई करतात. हे पुस्तक पूर्ण सपाट उघडत नाही, म्हणून त्या बाजूचा समास छपाईपूर्वीच रुंद ठेवावा. पातळ कागदावर एकाच बाजूस छापून घडी बाहेरच्या कडेस ठेवली, तर मागची छपाई दिसण्याचा प्रश्नही उरत नाही.

पुठ्ठा चिकटवण्यासाठी मैद्याची खळ पुरते. कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे; परंतु तांब्याच्या संयुगांमुळे कागदाची झीज वेगाने होते, तेव्हा ताजी खळ वापरून पुस्तक वजनाखाली पूर्ण वाळवणे अधिक बरे.