ऊस किती निघाला?

आक्का, म्हणजे माझी थोरली आत्या, जिल्ह्याच्या गावी थिएटर सिस्टर होती. उन्हाळ्यात अंगणात बाजा टाकल्या की ती गोष्टी सांगायची, त्या थिएटरच्याच. त्यातली एक प्रोस्टेटची.

कमरेतून भूल दिलेली, त्यामुळे पेशंट जागा. भूलतज्ज्ञ उशाशी स्टूल ओढून विचारायचे, “ऊस एकरी किती निघाला?” आम्हाला वाटायचं, गप्पिष्ट माणूस. आक्का म्हणायची, “अरे, तो त्यांचा मीटर होता.”

प्रोस्टेट आतून खरवडायची ती विजेच्या तारेनं. रक्त धुऊन दिसत राहावं म्हणून पाणी सतत सोडायचं. पण सलाईनमधून वीज पसरते, म्हणून ते चालत नसे. आधी शुद्ध पाणी वापरत. ते उघड्या शिरांतून रक्तात शिरलं की तांबड्या पेशी फुटायच्या. क्रीव्ही या अमेरिकी सर्जननं 1947 मध्ये हे दाखवून दिलं. मग 1.5 टक्के ग्लायसीन आलं. पेशी वाचल्या, पण पाणी शिरायचं थांबलं नाही. मिनिटाला वीसेक मिलिलिटर धरलं तरी तासाभरात लिटरच्या वर, आणि रक्तातलं सोडियम पातळ. म्हणून बाटली फार उंच टांगायची नाही, तासात आटपायचं, आणि आत गेलेलं-बाहेर आलेलं आक्कानं बादलीत मोजायचं.

त्या दिवशी म्हाताऱ्यानं “चाळीस टन” सांगितलं. थोड्या वेळानं जांभया. मग मळमळ, चुळबुळ. पुन्हा विचारलं तर, “कसला ऊस? आणि दिवा का घालवला?” डोक्यावर दिवे लखलखत होते. ग्लायसीननं नजर काही तास जाते, हे आक्काला ठाऊक होतं; तरी अंगावर काटा आला म्हणे.

रिपोर्टची वाट कुणी पाहिली नाही. वाहत्या शिरा डागून काम थांबवलं, ऑक्सिजन लावला, लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं. रिपोर्ट आल्यावर तीन टक्क्यांचं सलाईन, तेही थेंबाथेंबानं. सोडियम घाईनं वर ओढलं तर मेंदूला इजा होते. रात्रभर आक्का त्याच्याजवळ. पहाटे त्यानं तिच्या टोपीचा रंग सांगितला.

गेल्या वर्षी बाबांचं तेच ऑपरेशन झालं, बायपोलर यंत्रानं. आक्काचा फोन.

“पाणी कसलं?”

“सलाईन. आता चालतं. सोडियम पडत नाही.”

“पण आत शिरतंच ना? फुप्फुसात भरेल. मोजतंय का कुणी?”