‘क्रॅश’ : आवाज गेला, अर्थ उरला

संगणक काम करता करता बंद पडला की मुले म्हणतात, ‘क्रॅश झाला!’ विमान कोसळले तरी क्रॅश आणि शेअर बाजार गडगडला तरी क्रॅशच. एकच शब्द इतक्या ठिकाणी कसा पोचला?

मुळात हा आवाजाच्या नकलेतून घडलेला शब्द आहे. आपल्या ‘काडकन’, ‘धाडकन’सारखा. इंग्रजीत तो १४०० च्या सुमारास आढळतो. मोठा आवाज होऊन वस्तूचे तुकडे होणे, एवढाच तेव्हा त्याचा अर्थ होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी व्यापारातील पडझडीलाही लोक क्रॅश म्हणू लागले. आता, पेढी बुडताना काही आवाज होत नाही! म्हणजे शब्दातला आवाज गेला आणि अचानकपणा तेवढा उरला. मराठीत भाव ‘धाडकन’ खाली येतात, तसेच हे. विसाव्या शतकात हा शब्द विमानांना आणि पुढे संगणकांनाही लागू झाला.

पण क्रॅश खरोखरच अचानक होतो का? २८ व २९ ऑक्टोबर १९२९ या दोन दिवसांत न्यूयॉर्कच्या बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक सुमारे २३ टक्क्यांनी घसरला. त्याआधी मात्र कित्येक महिने लोक कर्ज काढून शेअर घेत होते.

दुसरे उदाहरण ४ जून १९९६ चे. ‘एरियान ५’ हे युरोपचे नवे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतील प्रोग्रामचा काही भाग जुन्या ‘एरियान ४’ वरून घेतलेला होता. त्यात आडव्या वेगाशी संबंधित एक संख्या १६ बिटांच्या जागेत साठवली जाई. या जागेत ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. जुन्या रॉकेटला ती पुरत असे; नव्याचा आडवा वेग जास्त असल्याने संख्या मावली नाही आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेतही तोच प्रोग्राम होता, त्यामुळे तीही बंद पडली. चूक काही त्या ४० सेकंदांत घडलेली नव्हती. जुना प्रोग्राम नव्या वेगासाठी न तपासता वापरला, तेव्हाच ती घडली होती.

‘क्रॅश’ हा शब्द शेवटचा क्षण सांगतो, कारण सांगत नाही. वर्गात कुणी ‘क्रॅश झाला’ म्हणाले, तर ‘त्याआधी काय काय घडले?’ असे जरूर विचारावे. उत्तर शोधताना मुले कार्यकारणभाव शिकतील.