गेलेल्या अर्भकांची नोंद

वैनगंगेच्या कांठीं वसलेल्या भंडारा शहरांत ९ जानेवारी २०२१ रोजीं, मध्यरात्र उलटल्यावर, जिल्हा रुग्णालयाच्या नवजात-कक्षास आग लागली. आंत १७ अर्भकें होतीं. ७ वाचलीं, १० गेलीं. ती हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु अशा कक्षांत मृत्यु केवळ आगीबरोबरच येतो असें नाहीं. अपुऱ्या दिवसांचीं, दीड किलोहूनहि हलकीं मुलें तेथें येतात, आणि त्यांतलीं कांहीं एरव्हींहि हातचीं जातात. बारशापूर्वींच गेल्यामुळें त्यांची नोंद ‘अमकीचें बाळ’ एवढीच राहते. डॉक्टरानें ती लिहावयाची आणि शेजारच्या पाळण्याकडे वळावयाचें. शोकासाठीं त्याच्या पाळींत घटकाहि राखलेली नसते.

हें ओझें वैद्यांनीं कसें वाहिलें, याचा इतिहास बहुतांशीं अलिखित आहे. व्हिएन्नाच्या सेमेलवाइसला १८४७ सालीं उमगलें कीं, शवविच्छेदन करून आलेले डॉक्टरांचे हातच बाळंतिणींना मृत्यु देतात. त्या हातांत आपलेहि हात होते, हें त्यानें पुढें छापून कबूल केलें. एवढें धैर्य विरळाच.

वैनगंगा भंडाऱ्याहून खालीं गडचिरोलीकडे जाते. तेथें डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या घरीं एका पावसाळी संध्याकाळीं एक तरुण आई आजारी बाळ घेऊन आली. उपचारास आरंभ होण्यापूर्वींच बाळ त्यांच्या बिछान्यावर गेलें. दुसरा कोणी दैवास बोल लावून मोकळा झाला असता. डॉक्टरांनीं त्या एका मृत्यूचीं कारणें मांडलीं. गरिबीपासून वाटेवरच्या बिनपुलाच्या नदीपर्यंत तीं अठरा भरलीं. आकड्यांत हुंदका ऐकूं येत नाहीं, असा आक्षेप कोणी घेईल. पण अठरा कारणें शोधण्याइतका वेळ एका तान्ह्यासाठीं कोण देतो?

पुढें ३९ गांवांत, गांवच्याच बायकांना शिकवून, त्यांनीं नवजात बालकांची घरोघरीं देखभाल सुरू केली. दगावलेल्या प्रत्येक मुलाच्या घरीं जाऊन, तें कसें गेलें हें विचारलें जाई. १९९५ ते १९९८ या काळांत तेथील नवजात-मृत्यूंचें प्रमाण ६२ टक्क्यांनीं उतरलें. २०११ सालीं ही पद्धत देशभर स्वीकारली गेली.

दवाखान्यांत जन्मलेल्या मुलाच्या घरीं आशा कार्यकर्तीनें ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशीं जावयाचें असतें. वजन करावयाचें, ताप पाहावयाचा, श्वास मोजावयाचा. चौदाव्या दिवसापर्यंत बहुधा बारसें उरकलेलें असतें, आणि वहींतलें ‘अमकीचें बाळ’ खोडून तेथें नांव लिहितां येतें.