चुकलेलं उत्तर

नोकरीत असताना एका मुलाने वर्गात स्कूटरचा जुना प्लग आणला. "सर, हे पांढरं काय?" मी ठोकून दिलं, "चिनी माती."

परवा वाचताना कळलं, माझं उत्तर फार जुनं होतं. १९०२ साली जर्मनीत बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्यासाठी प्लग बनवला. ठिणगीला हजारो व्होल्ट लागतात. एवढी वीज मिळेल त्या वाटेने पळते. तिला अडवायला चिनी माती असे, पण इंजिनाच्या धगीने ती तडकायची. मग वीज चिरेतूनच निसटे आणि ठिणगी पडेना. म्हणून काहींनी अभ्रकाच्या चकत्या वापरल्या, तर थरांत तेल शिरे. अखेर १९३० च्या दशकात अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडची पूड दाबून, भाजून केलेला भाग आला. आजही तोच असतो.

तो मुलगा आता पन्नाशीचा असेल. बाळा, हे वाचत असलास तर ऐक: ती चिनी माती नव्हती. "बघून सांगतो" म्हणायला तेव्हा मला कमीपणा वाटला, एवढंच.